पर्समध्ये मावेल ते नको, हातात बसेल ते पिस्तूल घ्या

वाचकाचं पत्र:

«आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. नवऱ्याचं आणि माझं छोटं भारतीय किराणा दुकान आहे. रात्री नऊला दुकान बंद करून रोकड घेऊन बऱ्याचदा मी एकटीच गाडीपर्यंत जाते. मध्यंतरी आमच्याच पार्किंगमध्ये शेजारच्या दुकानदाराला लुटलं. तेव्हापासून माझ्या मनातली धास्ती जात नाही. आम्ही दोघं ग्रीन कार्डवर आहोत आणि बंदूक घ्यायचं नक्की केलं आहे. माझं वय ४९, हात लहान, दोन्ही अंगठ्यांच्या सांध्यांत संधिवात. बंदुकीच्या दुकानातल्या माणसाने ‘बायकांना हेच बरं’ म्हणून एक हलकं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर दाखवलं. पर्समध्ये आरामात मावतं. नवरा म्हणतो, एकच ग्लॉक घेऊ, दोघांना चालेल. मी बहुतेक वेळा कुर्ता आणि लेगिंग्जमध्ये असते. घरात १४ वर्षांचा मुलगा आहे, शिकायला आलेला भाचा आहे आणि वर्षातले काही महिने सासूबाई असतात. कोणतं घेऊ? आणि सासूबाईंना सांगायचं का?»

ताई,

ते छोटं रिव्हॉल्व्हर घेऊ नका. विक्रेत्याने वाईट हेतूने सांगितलं असेल असं नाही, हा सल्ला इथे पिढ्यान् पिढ्या बायकांना दिला जातो. पण हलक्या रिव्हॉल्व्हरचा धक्का सोसायला आणि त्याचा चाप ओढायला अनुभवी, बळकट हात लागतो. स्मिथ अँड वेसनचं ६४२ किंवा रुगरचं एलसीआर हातात घेऊन बघा. वजन जेमतेम ४०० ग्रॅमच्या आसपास, म्हणून दुकानात हातात घेतलं की फार आवडतं. त्यातून .३८ स्पेशलची गोळी सुटली की मात्र सगळा झटका तुमच्या अंगठ्याच्या बुडाशी येतो, नेमका जिथे संधिवात आहे तिथे. अंगचं वजनच नसल्यामुळे बंदूक तो धक्का स्वतः पचवू शकत नाही. चाप ओढायला पाच किलोंच्या आसपास जोर लागतो आणि तो जोर लावताना छोटी नळी डावी-उजवीकडे सरकते. पाच-सात गोळ्यांनंतर हात दुखतो, मग सराव टळतो, आणि वर्षभराने बंदूक पर्समध्ये असते पण ती चालवायची भीती वाटते. रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) नव्याने येणाऱ्या बायकांना शिकवताना मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे की याबाबत मी आडपडदा ठेवत नाही.

रिव्हॉल्व्हरची एक खरी बाजूही आहे. त्याला स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, नसते, आणि दुखऱ्या हातांना पिस्तुलाची स्लाइड मागे ओढणं हेच सगळ्यात कठीण जातं. विक्रेत्याने बहुधा हाच विचार केला असेल. त्या अडचणीवर दुसरा तोडगा आहे.

९ मिलिमीटरच्या गोळीचा नळीतला कमाल दाब ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) धरतात, .३८० एसीपी या सौम्य गोळीचा २१,५००. दाब कमी म्हणून पिस्तुलाची स्प्रिंग मऊ ठेवता येते, आणि स्प्रिंग मऊ म्हणून स्लाइड सहज मागे येते. स्मिथ अँड वेसनने २०१८ साली .३८० शील्ड ईझेड हे पिस्तूल काढलं ते याच विचाराने. स्लाइडला मागच्या बाजूने बोटं अडकवायला चांगली पकड आहे, मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीत) गोळ्या भरताना दाबपट्टी खाली ओढायला कडेला छोटा खटका आहे, त्यामुळे अंगठ्याने प्रत्येक गोळी रेटावी लागत नाही. मॅगझिनमध्ये आठ गोळ्या, वजन रिकामं साधारण ५२५ ग्रॅम. म्हणजे त्या रिव्हॉल्व्हरपेक्षा जड, आणि तेच चांगलं. तुमच्या वर्णनावरून मी हे पिस्तूल पहिल्यांदा हातात घ्यायला सांगेन.

त्यात एक गोष्ट तपासून घ्या. मुठीच्या मागे एक दाबकळ आहे, तळहाताने ती पूर्ण दाबली गेली तरच गोळी सुटते. हात लहान आणि पकड सैल असेल तर घाईत ती अर्धवट दाबली जाऊ शकते. रेंजवर दहा-पंधरा वेळा पिस्तूल उचलून लगेच पकडून बघा. एकदाही कळ चुकली तर हे पिस्तूल बाजूला ठेवा.

दुसरं म्हणजे सिगचं पी३६५-३८०. आणखी पातळ, साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. कपड्यांखाली हे अधिक चांगलं लपतं, मूठ मात्र आखूड आहे. करंगळी खाली मोकळी राहते का ते बघा. राहत असेल तर खालून लांब मॅगझिन लावून बघा.

सगळीच .३८० मऊ असतात असं मात्र समजू नका. वॉल्थर पीपीकेसारख्या जुन्या रचनेत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकत नाहीत, गोळीचा सगळा जोर नुसत्या स्प्रिंगने आणि स्लाइडच्या वजनाने पेलायचा असतो. म्हणून तिची स्प्रिंग कडक आणि झटका बोचरा. दिसायला अतिशय देखणी बंदूक आहे, तुमच्या हातांसाठी नाही. रुगर एलसीपीसारखं खिशात मावणारं पिस्तूलही टाळा, त्याचीही गत त्या हलक्या रिव्हॉल्व्हरसारखीच.

गोळीच्या ताकदीबद्दल लपवाछपवी करत नाही. ९ मिलिमीटर .३८० पेक्षा सरस आहे. एफबीआयच्या चाचणीत शरीराऐवजी जिलेटिनच्या ठोकळ्यावर गोळी झाडतात, आणि ती १२ ते १८ इंच आत जावी अशी अपेक्षा असते. तेवढी खोल जाऊन शिवाय फुगणं हे ९ मिलिमीटरच्या चांगल्या गोळ्यांना सहज जमतं, .३८० च्या गोळ्यांना कष्टाने. म्हणून रेंजवर आधी ९ मिलिमीटर खरोखरच झेपत नाही ना, ते बघा. शील्ड ईझेडचं ९ मिलिमीटरचं मॉडेल २०२० मध्ये आलं. ते वापरलेलं मिळत असेल तर त्याचा क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर तपासूनच घ्या, कारण त्या वर्षी मार्च ते ऑक्टोबरमध्ये बनलेल्या काही पिस्तुलांचे हॅमर कंपनीने मोफत तपासून बदलून दिले होते. ५० गोळ्या झाडल्यावरही हात दुखला नाही आणि सात यार्डांवरच्या सगळ्या गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसल्या, तर ९ मिलिमीटर घ्या. नाही बसल्या तर खुशाल .३८० घ्या.

स्लाइड ओढण्याची पद्धतही शिकून घ्या, अर्धी अडचण तिथेच मिटते. बहुतेक जणी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्लाइड धरून मागे ओढतात. तसं करू नका. पिस्तूल छातीजवळ आणा, नळी समोर सुरक्षित दिशेला. डावा हात वरून पूर्ण स्लाइडवर ठेवा, चारही बोटं एका बाजूला, तळहाताचा गादीसारखा भाग दुसऱ्या बाजूला. मग डावा हात तिथेच घट्ट धरून उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. जोर अंगठ्याचा न लागता खांद्याचा आणि छातीचा लागतो. मॅगझिन भरण्यासाठी मॅगलुलाचं अपलुला नावाचं प्लास्टिकचं साधन मिळतं, तेही घ्या.

नवऱ्याच्या ‘एकच घेऊ’ या म्हणण्याला माझा ठाम नकार आहे. ग्लॉक १९ हे उत्तम पिस्तूल आहे, १९८८ पासून जगभर वापरात आहे. त्यांच्या हातात बसत असेल तर त्यांनी ते जरूर घ्यावं. पण तुमच्या बोटाचं टोक चापापर्यंत नीट पोचत नसेल तर पिस्तूल तळहातात वळवून धरावं लागतं आणि प्रत्येक गोळी एका बाजूला जाते. चष्मा जसा एकमेकांचा चालत नाही, तसंच हे. शिवाय एकच असेल तर ते नेमकं त्या रात्री कोणाकडे असणार?

भरवशाचं म्हणजे काय, हे पिस्तुलाच्या नावावरून ठरत नाही. कंपनी चांगली असली तरी तुमच्या हातात तुम्ही घेतलेलं नेमकं पिस्तूल, तुमची मॅगझिनं आणि तुमच्या गोळ्या एकत्र चालतात का, ते बघावं लागतं. आधी सरावाच्या साध्या २०० गोळ्या झाडा. मग रोज बाळगणार त्या, फुगणाऱ्या टोकाच्या गोळ्यांपैकी किमान ५०. फेडरल, स्पीअर, हॉर्नडी या कंपन्यांच्या चांगल्या असतात. एकदाही अडकलं तर कारण शोधा. नव्या माणसाच्या बाबतीत कारण बऱ्याचदा मनगट असतं. पिस्तूल मागे येताना मनगट ढिलं पडलं तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि रिकामं काडतूस तोंडाशी अडकतं. पकड सुधारल्यावरही अडकत राहिलं, दुसऱ्या मॅगझिननेही अडकलं, तर ते पिस्तूल परत करा. मन घट्ट करून परत करा, कारण ‘बहुतेक वेळा चालतं’ हे या वस्तूच्या बाबतीत पुरेसं नाही.

आता पर्स. यावर जरा जास्त लिहिते, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजीची वाटलेली गोष्ट तीच आहे.

३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यात हेडन इथल्या वॉलमार्टमध्ये एक तरुण आई खरेदी करत होती. बंदूक ठेवण्यासाठी खास चेनचा कप्पा असलेली तिची पर्स शॉपिंग कार्टमध्ये होती. दोन वर्षांच्या मुलाने तो कप्पा उघडला, बंदूक काढली, आणि त्याच्या हातून आईचा जीव गेला. ती बाई बंदुकीबद्दल अडाणी नव्हती, लहानपणापासून बंदुकांत वाढलेली होती. पर्स आपण खाली ठेवतो, गाडीच्या सीटवर ठेवतो, रेस्टॉरंटमध्ये खुर्चीला लटकवतो. तुमचा मुलगा १४ वर्षांचा आहे, पण दुकानात गिऱ्हाइकांची लहान मुलं येतातच. आणि तुम्हाला ज्याची भीती वाटते तो चोर पहिल्यांदा काय ओढून नेईल? पर्सच.

म्हणून बंदूक अंगावर, आणि अंगावर नसेल तेव्हा कुलपात. तिसरी जागा नाही.

अंगावर बाळगण्यासाठी होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं म्यान) कायडेक्ससारख्या कडक प्लास्टिकचा, चाप आणि त्याभोवतीची कडी पूर्ण झाकणारा हवा. मऊ कापडाच्या होल्स्टरमधून बाहेरून चाप दाबला जाऊ शकतो. लेगिंग्जच्या इलॅस्टिकवर किंवा सलवारीच्या नाडीवर कुठलाही होल्स्टर टिकत नाही, पिस्तुलाच्या वजनाने तो बाहेर झुकतो आणि कुर्त्यातून दांडा दिसू लागतो. कपड्यांवर अवलंबून नसलेला, स्वतःचाच पट्टा असलेला प्रकार घ्या. फिल्स्टर कंपनीचा एनिग्मा तसा आहे, तो अंगाला बांधायचा आणि वर हवं ते घालायचं. कुर्ता मांडीच्या मध्यापर्यंत आणि थोडा सैल असला की पुरे. डाव्या हाताने पुढचा घेर मुठीत धरून सरळ छातीपर्यंत वर, मग उजवा हात. गुडघ्याखाली जाणारा कुर्ता असेल तर घेर वर घेताना अडकतो, असे कुर्ते दुकान बंद करण्याच्या दिवशी घालू नका. छापील, रंगीबेरंगी कापड एकरंगी कापडापेक्षा उंचवटा चांगला झाकतं. दुपट्टा त्या वेळी काढून ठेवा. आणि साडीबरोबर बंदूक बाळगूच नका. निऱ्या, परकर, पदर सांभाळून पिस्तूल सुरक्षितपणे काढता येईल अशी पद्धत मला माहीत असलेल्या कोणाही प्रशिक्षकाने दाखवलेली नाही.

पहिला आठवडाभर रिकामं पिस्तूल घरातच कमरेला लावून कामं करा, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून. पोळ्या लाटताना, खाली वाकताना, गाडीत बसताना कुठे टोचतं ते कळेल. होल्स्टर अर्धा इंच इकडे-तिकडे सरकवल्याने फार फरक पडतो. पहिलाच होल्स्टर पसंत पडेल असं धरून चालू नका.

नळीत गोळी ठेवून बाळगायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही पण विचाराल. तुमचे अंगठे पाहता आणीबाणीत स्लाइड ओढायची वेळ येणं धोक्याचं. म्हणून शेवटी नळीत गोळी ठेवावी लागेल, पण प्रशिक्षकासमोर होल्स्टरमधून काढणं आणि परत ठेवणं हातात बसल्यावरच. अपघात बहुतेक परत ठेवताना होतात, कुर्त्याचा काठ चापात अडकून. नजर होल्स्टरवर, बोट चापापासून लांब, हालचाल सावकाश.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. तरीही तुम्ही परवाना काढाच. वर्ग चार ते सहा तासांचा असतो, मग ३, ७ आणि १५ यार्डांवरून एकूण ५० गोळ्यांची परीक्षा, शुल्क ४० डॉलर. केंद्राच्या कायद्याने शाळेपासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगायला बंदी आहे आणि राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट मिळते. उपनगरात रोजच्या रस्त्यावर किती शाळा लागतात ते मोजा, म्हणजे या परवान्याची किंमत कळेल.

पण शाळेच्या इमारतीत परवाना असूनही नाही. हे मी आपल्या लोकांना आवर्जून सांगते, कारण आपला गणेशोत्सव, दिवाळीचा कार्यक्रम, नाटकाचा प्रयोग बऱ्याचदा भाड्याने घेतलेल्या हायस्कूलच्या सभागृहात असतो. दुकान बंद करून तशाच प्रयोगाला गेलात आणि कमरेला पिस्तूल राहिलं, तर टेक्ससमध्ये तो गंभीर गुन्हा आहे. अमेरिकी नागरिकाला तुरुंगाची भीती, तुम्हाला त्याशिवाय ग्रीन कार्डचीही. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढता येतं, मग तो इथे कितीही वर्षं राहिलेला असो. मंदिराच्या किंवा दुकानाच्या दारावर ३०.०६ किंवा ३०.०५ आकडा असलेली, बंदुकीला मनाई करणारी पाटी दिसली की आत नेऊ नका. टपाल कार्यालयात नाही. दारूवरच मुख्य कमाई असलेल्या बारमध्ये नाही, तिथे लाल ५१ टक्क्यांची पाटी असते. आणि एडिसनला नातेवाइकांकडे जाताना घरीच ठेवा, न्यू जर्सीत टेक्ससच्या परवान्याला काही अर्थ नाही.

भारताच्या प्रवासाबद्दल एक विनंती. रेंजवर नेण्याची पिशवी वेगळी ठेवा आणि ती पिशवी विमानप्रवासात कधीही वापरू नका. बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेलं एकच जिवंत काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. अमेरिकेतून आलेली माणसं यात अडकली आहेत. पुढे न्यायालय ‘माहीत नसताना जवळ होतं’ हे मान्य करतंही, पण तोवर सुट्टी, विमान आणि झोप सगळंच जातं.

आणि रोकड. ताई, हा प्रश्न बंदुकीआधीचा आहे. रोकड रात्री नऊला नेऊ नका. दुपारी बँकेत भरा, रोज वेगळ्या वेळी. दुकानात जमिनीला बोल्टने बसवलेली, वरून पैसे टाकायची तिजोरी ठेवा आणि दारावर तसं लिहून लावा. दिवा नसलेल्या कोपऱ्यात गाडी लावू नका, बंद करताना दुसरं माणूस सोबत असू द्या. तरीही कोणी पैसे मागितले तर द्या. पिस्तूल जिवासाठी आहे, गल्ल्यासाठी नाही. पळणाऱ्याच्या मागे धावू नका.

घरी पिस्तूल पटकन उघडणाऱ्या, भिंतीला किंवा पलंगाला पक्क्या केलेल्या छोट्या तिजोरीत. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणं हा टेक्ससमध्ये गुन्हा आहे. मुलाशी सरळ बोला, कुतूहल वाटेल तेव्हा तुमच्यासमोर रिकामं पिस्तूल दाखवा, त्याने गुपचूप शोधण्यापेक्षा ते बरं. भाचा बहुधा विद्यार्थी व्हिसावर असेल. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं केंद्राच्या कायद्याने निषिद्ध आहे, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर. त्याला तिजोरीचा कोड देऊ नका, ‘चल, गंमत म्हणून’ असं म्हणत रेंजवरही नेऊ नका. हौसेपायी त्याचं शिक्षण पणाला लागेल.

सासूबाईंना सांगा. त्या व्हिजिटर व्हिसावर असतील, म्हणजे भाच्याचाच नियम त्यांनाही. आणि घरातलं मोठं माणूस कपाटं आवरतं, पलंगाखालून झाडू फिरवतं, न ओळखलेली पेटी उघडून बघतं. पहिल्याच दिवशी त्यांना पेटी दाखवा, आत काय आहे ते सांगा, आणि त्या खोलीची आवराआवर तुम्ही करणार हे ठरवून टाका. त्या घाबरतील, कदाचित रागावतील. त्यांचं ऐकून घ्या, पार्किंगमध्ये काय घडलं तेही त्यांना सांगा. शनिवारी सकाळी रेंजवर गर्दी कमी असताना दोन्ही .३८० आणि ९ मिलिमीटरचं ईझेड भाड्याने घेऊन चालवून बघा, प्रशिक्षक सोबत घ्या, आणि त्या दिवशी काहीही विकत न घेता घरी या. दुसऱ्या दिवशी अंगठा किती दुखतो ते बघून मला लिहा.